गोटा लागलाच नव्हता

माझ्या धाकट्या बहिणीला गोटमारीत गोटा लागला आणि तिला तिथं मी नेलं होतं, असं आमच्या सौंसरच्या घरी आजही सांगतात. यातलं मी नेलं होतं, एवढंच खरं आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या दोन्ही काठांवरून माणसं एकमेकांवर दगड मारतात, ती गोटमार. त्या वर्षी आम्ही पोळ्याला पांढुर्ण्याच्या मावशीकडे होतो. मी तेराची, ती आठची. पोळ्याच्या दिवशीच ती डोकं धरून बसली होती. आईनं बाम चोळला आणि उन्हात हुंदडू नको म्हणून दटावलं. दुसऱ्या दिवशी मात्र गोटमार पाहायचीच म्हणून ती माझ्या मागे लागली. मी तिला नदीपासून बरंच दूर, एका ओळखीच्यांच्या गच्चीवर नेलं. तिथवर गोटा येणं शक्यच नव्हतं. अचानक ती किंचाळली, भडाभडा ओकली आणि माझ्या अंगावर कोसळली.

कुणीतरी ओरडलं, पोरीला गोटा लागला. झालं! डोकं चाचपलं, तर ना रक्त ना टेंगूळ. मी घसा फोडून सांगत होते की गोटा आलाच नाही. पण माझं ऐकतो कोण! मुका मार असन, असं मावशीच्या नवऱ्यानं ठरवून टाकलं. गोटमारीच्या जखमेवर तिथं देवीची भभूत लावतात. डोकं फुटलेले गडीही ती लावून पुन्हा नदीत उतरायचे. मग माझ्या बहिणीच्या न फुटलेल्या डोक्यालाही भभूत फासली आणि तिला निजू दिलं. ती निजली नव्हती, बेशुद्ध होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं तिचा उजवा हात उचलला आणि तो धपकन खाली पडला, तेव्हा कुठं आमचे डोळे उघडले. आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मिळेल त्या गाडीनं नागपूर गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी डोक्याचा सीटी स्कॅन करवला आणि बाबांना बाजूला बोलावलं. मी बाबांचा सदरा धरून उभी होते. डॉक्टर म्हणाले, मार लागलेलाच नाही. मेंदूत जन्मापासून नसांचा गुंता होता, तो फुटून आत रक्तस्राव झाला. घरी निजलेली असती तरी फुटला असता. कालच आणलं असतं तर मेंदूवरचा दाब कमी करता आला असता. आता जीव वाचेल, बाकीचं सांगता येत नाही.

जीव वाचला. उजवा हात वाकडा राहिला, पाय ओढत चालायची, दोन-चार शब्द तेवढे परत आले, आणि वरून झटके. वर्गात पहिली येणारी पोर, शाळा सुटली ती सुटलीच.

परतीच्या गाडीत बाबा मला हळूच म्हणाले, "गोटा लागला म्हनूनच सांगू. जन्माचं हाये म्हनलं तं तुले कोन करन?"

म्हणजे माझ्या लग्नासाठी दोष माझ्याच गळ्यात! भभूत लावून घालवलेल्या दिवसाबद्दल तर कुणी चकार शब्द काढला नाही. आई मात्र मला रोज बोलायची, बहिणीची वेणी घालताना, तिला भरवताना, की तू नेलं नसतं तर. लग्न झालं माझं, चांगल्या घरी झालं. चुलीत घाला ते लग्न! माहेरी गेले की पुन्हा तेच.

बाबा गेले. तेरवी आटोपल्यावर मी आईला डॉक्टरांचं बोलणं सगळं सांगितलं. ती बहिणीला भात भरवून राहिली होती. तिचा हात थांबलासुद्धा नाही.

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "डॉक्टरनं मलेबी सांगतलं होतं."

मग इतकी वर्षं मला काहून बोलत राहिली, असं मी विचारलं.

"तुले बोलली नसती तं त्या वाया गेलेल्या दिवसाचा दोष माह्यावरच आला असता. मी खचली असती, मंग इले कोन पाह्यलं असतं?"

मला तिची कीव यायला पाहिजे होती. नाही आली. दुपारच्या बसनं मी निघून आले.