नागपूर पाहून आलेल्या कोंबड्या

आमचे अब्बा पोंभुर्ण्यात शिंपीकाम करायचे. दुकानात मशीनजवळ कातरी असायची आणि मागच्या कोनाड्यात फडक्यात गुंडाळलेली सुरी. गावात मुसलमानांची घरं मोजकीच, आणि त्या सगळ्यांची कोंबडी अब्बांच्याच हातून कापली जायची. शेजारपाजारी कोणाला आम्हाला जेवायला बोलवायचं असलं, की तेही कोंबडी काखेत घेऊन आधी दुकानात यायचे. अब्बा शिवण थांबवायचे, कोंबडीला पाणी पाजायचे, अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवायचे आणि हात धुऊन पुन्हा मशीनवर बसायचे. दुसऱ्यानं कापलेलं त्यांच्या घशाखाली उतरत नसे. चंद्रपूरला मामांकडे गेलो तरी सुरी तेच हातात घेत, आणि मामाही त्यावर कधी बोलले नाहीत.

अम्मीला कोणी जेवायला बोलावलं, तर ती वाटण वाटायला सगळ्यांच्या आधी पोचायची. पाहुणी म्हणून गेलेली बाई यजमानाच्या चुलीसमोर बसलेली मी कितीदा पाहिली. तिला ते कोणी सांगत नसे, आणि कोणी अडवतही नसे.

शेजारी एक बौद्ध गुरुजी राहायचे. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे बाई म्हणायचो. एका दसऱ्याला त्या दीक्षाभूमीला जाऊन आल्या आणि आमच्या ओसरीवर बसून नागपूरच्या हॉटेलाचं वर्णन करू लागल्या. माणूस येऊन काय पाहिजे विचारतो, गरम गरम आणून ठेवतो, आणि शेवटी उष्टी ताटंही तोच उचलतो. अम्मी तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"बाई, मले एकदा असं जेवाचं हाये," ती म्हणाली. "बसल्या जाग्यावर."

एवढंच तिला हवं होतं. नागपूरचे रस्ते, दुकानं, झगमगाट, कशाचंच तिला पडलं नव्हतं. बाईंनी तिथंच मनावर घेतलं, गुरुजींकरवी अब्बांच्या कानावर घातलं, आणि दिवाळीच्या सुट्टीत पोरांना नागपूर दाखवायचं ठरलं.

मग बेत सुरू झाला आणि नमनालाच घडाभर तेल गेलं. कुठली एस.टी. धरायची, मशिदीजवळच्या मुसाफिरखान्यात कोणाची ओळख सांगायची, धाकट्या भावाला बस लागते तर लिंबू किती घ्यायचे, सगळं ठरलं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, ते जेवणाचं. नागपूरला जाऊन आलेल्या प्रत्येकाला अब्बा दुकानात बसवून विचारायचे. सगळे एकच सांगत: मोमीनपुऱ्यात जा, तिथं सगळं हलालच मिळतं. अब्बांचं त्यानं समाधान होत नसे. गल्ल्यावर मुसलमान बसला म्हणजे झालं का? पहाटे शंभर कोंबड्या कापणारा माणूस प्रत्येकीवर नाव घेतो कशावरून? प्रश्न खोटा नव्हता. पण उत्तर त्यांनी जे काढलं, ते फक्त आमच्या अब्बांनाच सुचू शकतं. त्यांनी दोन जिवंत कोंबड्या सोबत घ्यायचं ठरवलं. कोंबड्या घरच्या, सुरी घरची, हात घरचा. वातीचा स्टोव्ह, पातेलं, तांदूळ, मसाला बांधून घ्यायचा. मुसाफिरखान्याच्या अंगणात स्वयंपाक करू देतात, हेही त्यांनी विचारून ठेवलं होतं. अम्मी करेल, हे मात्र कोणाला विचारायची गरज पडली नाही.

अम्मीनं ऐकून घेतलं आणि मसाला कुटायला बसली. मला तेव्हा अब्बांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर तो अजूनही पुरता गेलेला नाही.

टोपली एस.टी.त अम्मीच्या मांडीवर होती. चंद्रपूरला बस बदलली, टोपली पुन्हा मांडीवर. वरोऱ्याच्या पुढं एका कोंबडीनं अंडं दिलं आणि धाकट्यानं ती कोंबडी आपली असल्याचं जाहीर केलं.

मुसाफिरखान्याच्या खोलीची कडी तुटकी होती आणि अंगणात मांजरं फिरत होती. म्हणून महाराजबागेत वाघ बघायला निघालो तेव्हा कोंबड्याही निघाल्या. फाटकावरच्या माणसानं टोपली उघडून पाहिली, आमच्याकडे पाहिलं आणि टोपली आत जाणार नाही म्हणून सांगितलं. अब्बांनी एकदा मागं पाहिलं. अम्मी टोपली घेऊन मुकाट्यानं झाडाखाली जाऊन बसली. आमच्या गावाकडे वाघ रानात ओरडला तर घरात ऐकू येतो, आणि तोच वाघ पिंजऱ्यात झोपलेला बघायला आम्ही एवढ्या लांब आलो होतो. अम्मीनं नागपुरात कोंबड्या पाहिल्या.

संध्याकाळी अब्बांनी अंगणात सुरी काढली आणि अम्मीला स्टोव्ह पेटवायला सांगितलं. अम्मी पायरीवर बसली होती. ती उठली नाही.

"आज नाई," ती म्हणाली. "मी इथी चूल पेटवाले नाई आली."

अब्बांचा आवाज चढला नाही. पोरांच्या पोटात काय जातं ते पाहणं माझं काम आहे, इतकंच ते म्हणाले. आणि ते त्यांच्या जागी बरोबरही होते. हे मला आता कळतं, म्हणून लिहिते.

अम्मी टोपलीकडे बघत बोलली. "आपल्या जमातीतले सारे गावात तुमच्या हातचं खातात. सुरी फिरवताना कोणी पाह्यले येते का? भरोसा ठेवतात. तुम्हीबी ठेवा ना एकदा कोणावर."

 अब्बा सुरी फडक्यात गुंडाळून बाहेर गेले. धाकट्यानं लगेच आपली कोंबडी मांडीवर घेतली. आम्ही तिघं पायरीवर बसून राहिलो. पोटात कावळे ओरडत होते. बऱ्याच वेळानं अब्बा आले. कुठं गेले, कोणाला काय विचारलं, त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. मुसाफिरखान्याच्या चौकीदाराला टोपलीवर लक्ष ठेवायला सांगितलं आणि आम्हाला म्हणाले, "चला."

हॉटेल लहानसंच होतं. लाकडी बाकं, भिंतीला तेलकट हिरवा रंग. म्हाताऱ्या वाढप्यानं टेबल पुसलं, पदार्थांची नावं एका दमात म्हटली आणि अब्बांच्या तोंडाकडे पाहिलं.

"तिले विचारा," अब्बा म्हणाले.

वाढपी अम्मीकडे वळला. अम्मीनं पदर सारखा केला. आमच्याकडे पाहिलं, अब्बांकडे पाहिलं. तिला आयुष्यात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"करायले सोपं काय हाये?" तिनं विचारलं.

म्हातारा हसला नाही. सगळं तयारच आहे बाई, तुम्ही फक्त सांगा, म्हणाला. मग तिनं कोंबडीचा सालन आणि रोटी सांगितली, पोरांसाठी तिखट कमी करायला सांगितलं, आणि सांगून झाल्यावर घाम पुसला.

धाकट्याला पाणी हवं झालं तेव्हा ती सवयीनं अर्धी उठली. अब्बांनी पहिला घास मोडून हातात धरला होता, तो तसाच धरून ते म्हणाले, "बस." ती बसली. अब्बांनी डोळे मिटून घास तोंडात घातला. पोट भरल्यावर अम्मीनं आणखी एक रोटी मागितली. भूक नव्हती, ते दिसत होतं. अर्धी रोटी तिच्या ताटात उरली. घरी आमची उष्टी संपवणाऱ्या बाईच्या ताटात. ती अब्बांनी उचलून खाल्ली.

कोंबड्या नागपूर पाहून पोंभुर्ण्याला परत आल्या, आणि धाकट्याची पुढं बरेच दिवस अंडी देत राहिली. आलो त्याच संध्याकाळी बाई ओसरीवर आल्या. काय काय पाहिलं, काय खाल्लं, कसं होतं, सगळं त्यांना एकदमच हवं होतं. अम्मी चुलीत लाकूड सारत होती. सालनाचं नाव तिनं काढलं नाही, वाघाचं तर नाहीच.

"बाई," ती म्हणाली, "मी उठली नाई."