मामंजींचा आवाज बंद

आमचे हे नियमाचे पक्के. दिवसा ग्रंथालयात नोकरी आणि संध्याकाळी लिनक्सची बिनपगारी चाकरी. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणारी फुकट प्रणाली; जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून अशी एक लिनक्स चालवली आहे. तिच्यातला व्हिडिओ दाखवणारा प्रोग्राम हे तयार करून देतात, आणि तो बिघडला की बोलणीही हेच खातात.

त्यात एक मेख आहे. जुन्या सीड्यांमधला आवाज ऐकवण्याच्या तंत्रावर कुणा कंपनीचं पेटंट आहे, म्हणून तेवढा भाग बंद ठेवूनच प्रोग्राम वाटायचा, असं या मंडळींनी ठरवलंय. कोड खुला आहे. ज्याला आवाज हवा त्याने तो भाग चालू करून आपल्या कॉम्प्युटरवर स्वतः प्रोग्राम बांधून घ्यावा. बांधलेला दुसऱ्याला दिला, की झालं बेकायदा वाटप.

सासूबाईंच्या कॉम्प्युटरवरही अर्थात हीच लिनक्स. परवा कपाटात मामंजींच्या सरकारी कचेरीतल्या निवृत्ती समारंभाची सीडी सापडली. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, आणि त्यांचा आवाज उरलाय तो एवढ्या सीडीतच. आईंनी ती लावली. मामंजी उभे राहिले, तोंड हलवू लागले, पण आवाज नाही.

"आवाजवाला प्रोग्राम दे मला," आई म्हणाल्या.

"ते वाटप होईल, आई. माझ्या कॉम्प्युटरवर बांधतो, तिथे येऊन बघ."

"नवऱ्याला भेटायला तुझ्या खोलीत येऊ? मला मनात येईल तेव्हा ऐकायचाय, माझ्या खोलीत!"

"आईला सूट असं नियमात कुठे लिहिलेलं नाही."

माझं डोकंच फिरलं. आई मात्र खोलीत गेल्या आणि त्यांनी इंटरनेटवर लिनक्सवाल्या मंडळींच्या पानावर रीतसर तक्रार नोंदवली: "नवरा बोलत नाही. तातडीचं." शेजारच्या खोलीतून यांनी उत्तर दिलं, "धोरणानुसार. तक्रार बंद." आईंनी ती पुन्हा उघडली: "धोरण घाल चुलीत." यांनी बंद केली, आईंनी उघडली. मध्ये फक्त एक भिंत! शेवटी सातासमुद्रापलीकडून कुणीतरी लिहिलं, "या बाईंशी जरा सौजन्याने वागावे."

मग हे खुर्ची घेऊन आईंच्या खोलीत गेले. "मी सांगतो, तू टाइप कर. मी बोटही लावणार नाही."

आईंनी एका बोटाने टाइप केलं. जिथे 'बंद' होतं तिथे 'चालू' केलं. कॉम्प्युटर दोन तास घरघरत होता, आणि आई त्याच्यासमोरून हलल्या नाहीत.

आणि मामंजी बोलले.

"पस्तीस वर्षं दाखले दिले, पण मागच्या दाराने एकही नाही. बायकोलासुद्धा रांगेत उभं केलं!"

सीडीतले लोक खो खो हसले.

"तीन तास!" आई पडद्याकडे बघून कडाडल्या. "तीन तास उभी होते मी! आणि वर म्हणतात कसे, फोटो चालणार नाही, दुसरा आणा!"

हे खाली मान घालून ऐकत होते, डोळे लपवायची धडपड चालली होती. आईंनी यांच्याकडे एकदा नीट पाहिलं.

"बापावर गेलायस अगदी," त्या म्हणाल्या, आणि यांचा हात घट्ट धरून व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.