हस्तिदंती मुठीचे बक्षीस

सालेकशाहून आलेल्या पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला होता. सीताराममामा वारले, एवढाच मजकूर. त्याला आता पाच आठवडे झाले.

मामा मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, बंगल्यावर वाढपी होते. बाटल्यांची बुचे काढायचे नऊ जुने विलायती पेच मालकांनी हौसेने जमवले होते. कुणाची मूठ हस्तिदंताची, कुणाची शिंपल्याची, एकीवर चांदीची वेल. काहींच्या टोकाला बुचावरची धूळ झाडायला डुकराच्या केसांचा कुंचला. ते पुसून ठेवणे मामांकडे होते. दिवसा जंगलातल्या लोकांची मोहाच्या दारूची मडकी फोडणारे अबकारी साहेब संध्याकाळी याच बंगल्यावर बाटल्या उघडवून घेत.

मामांनी थेंब चाखला नाही. पण जो ओततो तो पितोच, शिवाय हाडाकेसांना हात लावतो, असे म्हणून जातपंचायतीने त्यांच्या हातचे पाणी बंद केले. ते पुन्हा सुरू व्हावे, एवढेच मामांना हवे होते.

सरकारने मालगुजारी रद्द केली. मालक नागपूरला निघाले, तेव्हा मामांनी हात जोडले. "मालक, पंचाइतीत एक सबद सांगून द्या, सीताराम पेत नाई म्हणून."

मालक पंचायतीच्या बैठकीत आले. मी तिथे होतो.

"सीताराम? अरे, इसके जैसा बोतल खोलनेवाला पूरे जिले में नहीं!" असे म्हणून त्यांनी सर्वांदेखत चांदीच्या वेलीचा हस्तिदंती पेच मामांच्या हातावर ठेवला.

"मालक, मी हे नाई मांगलो..." मामा म्हणाले. मालक मोटारीकडे वळले होते.

पंचांनी पेच हातोहात फिरवला. थोरल्याने वेलीवर नख ओढले. "चांदी खरी दिसते बा." दुसरा म्हणाला, "आता अखीन सबूत कायले पायजे?" मग सगळ्यांनी हात धुतले. तिघांच्या तोंडाला मोहाचा वास होता. शेजारी बसलो होतो म्हणून सांगतो. पेच थोरल्याने 'सांभाळायला' नेला. मामांचे पाणी बंदच राहिले... शेवटपर्यंत.

मामांच्या तेरवीला, तेराव्याच्या जेवणाला, पंच आले, पोटभर जेवले.

"सीताराम मानूस चोखा होता," थोरला म्हणाला.

"जित्तेपनी काऊन नाई सांगतलं, भाऊ?" मामींनी विचारले.

त्याने आणखी भात मागितला.

दारी आलेल्यासमोर तांब्या ठेवला की मामा दोन पावले मागे सरत आणि अंगणाकडे पाहत; समोरचा पाणी तसेच ठेवतो, हे बघायला नको म्हणून. मामींनी थोरल्यासमोर तांब्या ठेवला, दोन पावले मागे सरल्या आणि अंगणाकडे पाहू लागल्या.

तो गटागटा प्याला. मामींनी पाहिले नाही.