भिंतीवरची परडी

घर सजवायचं काम करताना माझी एक पद्धत होती. प्रत्येक घराची वेगळी वही आणि वहीत तीन याद्या: घरात काय आहे, काय आणायचं, काय घालवायचं. वस्तू हातात घ्यायची, नाव लिहायचं, ती कुठं जाणार ते लिहायचं, मगच दुसरीला हात लावायचा. या पद्धतीमुळं माझ्याकडून पडद्याची एक रिंगसुद्धा कधी हरवली नाही. खोटी नोंद मात्र एकदा केली. ती ज्या फ्लॅटसाठी केली, त्याची आठवण झाली की आजही किळस येते.

उस्मानाबादेत माझं पडदे, सोफ्याची कव्हरं आणि गाद्या-गिरद्या शिवायचं छोटं दुकान होतं. मी तिशीत होते. बहात्तरच्या मोठ्या दुष्काळाला दहा वर्षं होऊन गेली होती आणि पुन्हा लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस बुडाला होता. एका सहकारी गृहनिर्माण संस्थेनं तीन मजली इमारत बांधली होती. फ्लॅट ही आमच्याकडं नवीनच गोष्ट. तिसऱ्या मजल्यावर कुठल्याशा सहकारी संघावरचे एक साहेब राहायला आले. साहेब कायम दौऱ्यावर. घर लावून घेण्याचं सगळं त्यांच्या बायकोकडं होतं. त्या पुण्याच्या. मी त्यांना वहिनी म्हणायची.

"हे सगळं पांढरं-पांढरं दवाखान्यासारखं वाटतं हो," पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या. "मला रंग हवेत. भडक म्हटले तरी चालतील. आणि वस्तू जुन्या हव्यात. खेड्यातल्या. खऱ्याखुऱ्या वापरलेल्या."

मला ते आवडलं, हे कबूल करते. मी वही उघडून लिहिलं: बैठक, मिरचीसारखा लाल. जेवणाची जागा, हळदी. झोपायची खोली, मोरपंखी. तोवर मी लोकांच्या बदामी भिंतींना बदामी पडदे शिवत आले होते.

डिस्टेंपर पाण्यात कालवतात. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. खाली बायका घागरींची रांग लावून उभ्या असायच्या आणि वर साहेबांच्या फ्लॅटला दोन पिंपं आधी भरून मिळायची. लाल रंग पहिल्यांदा लावला तो वहिनींना विटेसारखा वाटला. दुसऱ्यांदा लावला तो रक्तासारखा. रंगारी माझ्याबरोबर खूप वर्षं काम करणारा, तोंडानं फटकळ.

"वहिनी, एवढ्या पाण्यात आमच्या गल्लीचा दोन दिसांचा स्वयंपाक निघाला असता," तो म्हणाला.

"मग ऑइलपेंट लावा की. पण त्याला ती चकाकी येते, ती मला नकोय."

"चकाकी नगं, पाणी पायजे. बरंय."

तिसरा हात लागला. ब्रश धुतलेलं लाल पाणी गच्चीच्या मोरीतून खाली गेलं आणि नळाच्या टाकीजवळ साचलं. त्यातून चपला बुडवत बायका घागरी नेत होत्या. मी वरून ते पाहिलं आणि वहीत लिहिलं: बैठक, पूर्ण.

जुन्या वस्तूंसाठी मी बसस्टँडच्या मागं एका जुन्या सामानवाल्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये जायची. खेड्यांत घरं बंद होत होती. कुणी ऊसतोडीला गेलं होतं, कुणी पुण्याला, कुणी रस्त्याच्या कामावर. त्यांच्या घरातलं उरलंसुरलं याच्या शेडमध्ये येऊन पडायचं.

"यंदा माल लई निघालाय, बाई," तो हात चोळत म्हणाला. सुगीला आडत्यानं म्हणावं, तशी त्याला खुशी होती. "बघा तर खरं. असल्या चिजा पुन्हा न्हाई गावायच्या."

मी बघितलं. दाराची नक्षीची चौकट, ती कापून टेबल करायचं ठरलं. पितळी घंगाळ, त्यात झाड लावायचं. बैलांच्या घागरमाळा, त्या पडद्याला बांधायच्या. एक पाळणा, वहिनींना त्यात मासिकं ठेवायची होती. पाळण्याच्या तळाला वाळलेला मुताचा डाग होता आणि दांडीला काळ्या दोऱ्याची गाठ. डाग मी ब्लेडनं खरवडला. दोरा कापला. नोंद केली: पाळणा, सागवानी, एक.

त्याच पोत्यात परडी निघाली.

आमच्या भागातल्या कुणालाही ती ओळखू येते. वेताची गोल, उथळ टोपली. तुळजापूरच्या देवीचा वसा घेतलेली बाई म्हणजे आराधीण. ती मंगळवारी-शुक्रवारी परडी घेऊन पाच घरं जोगवा मागते. ही परडी हळदी-कुंकवाच्या आणि तेलाच्या थरानं काळपट झाली होती. काठ एके ठिकाणी मोडला होता आणि कुणीतरी तो तांब्याच्या तारेनं फार नीट विणून सांधला होता. वास असा, की मी ती हात लांब करून धरली.

ती लांब धरायला माझ्याकडं आणखीही एक कारण होतं. आमच्या घरानं धम्म घेतला तेव्हा मी पाच-सहा वर्षांची असेन. घरातली परडी आईनं स्वतःच्या हातानं ओढ्यात सोडली. मागं वळून बघायचं नाही, असं तिनं मला बजावलं होतं. पुढं आमच्या घरात त्या वस्तूचं नावसुद्धा निघालं नाही. त्यामुळं मला तिची ना भीती होती, ना भक्ती. पण ती काय आहे ते मला माहीत होतं, आणि अशी वस्तू बाई आपल्या हातानं भंगारात देत नाही हेही माहीत होतं. वहिनींना सांगितलं असतं तर कदाचित त्यांनी ती घेतली नसती. मला लाल भिंतीवर, दारासमोर, काहीतरी गोल हवं होतं. मी वहीत लिहिलं: टोपली, वेताची, एक.

घरी नेऊन ती धुण्याच्या सोड्यात भिजवली, जुन्या दातांच्या ब्रशनं घासली. तीन पाणी पिवळं-लाल निघालं. मीही पाण्याला चटावलेच होते म्हणायचं. वाळल्यावर व्हार्निशचे दोन हात दिले. वेत मधासारखा चमकायला लागला.

"सुंदर!" वहिनी म्हणाल्या. "काय असतं हो हे? भाकरी ठेवायची टोपली का?"

"टोपली," मी म्हणाले.

पुढच्या मंगळवारी मी पडद्यांची मापं जुळवत स्टुलावर उभी होते. दार उघडं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, एका कारकुनाची बायको, दह्याचं विरजण मागायला आल्या. त्यांची नजर भिंतीवर गेली आणि त्यांनी उंबऱ्याबाहेरच चपला काढल्या.

"अगं बाई! तुमच्याकडं परडी हाय! आन् पुण्याच्या असून एका शब्दानं बोलला न्हाईत!"

वहिनी हसल्या. त्यांना वाटलं, वस्तूचं कौतुक चाललंय. काकू खाली गेल्या आणि मूठभर ज्वारी, हळद-कुंकू घेऊन आल्या. परडी खाली घेऊन त्यांनी ती भरली आणि पदर पसरून पाया पडल्या. शुक्रवारी तिघी आल्या. ज्या घरात परडी आहे तिथं मंगळवार-शुक्रवार तिच्यात काही पडलंच पाहिजे, एवढं त्यांना ठाऊक. टँकरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या, रेशनची ज्वारी निवडून खाणाऱ्या बायका मुठी भरून आणत होत्या. मी स्टुलावरून खाली उतरून सांगायला हवं होतं. मी पडद्याला घागरमाळा शिवत बसले.

वहिनींना आधी गंमत वाटली. साहेबांच्या मित्रांना त्या नक्कल करून दाखवायच्या. मग ज्वारीला मुंग्या लागल्या. एके दिवशी मी आले तर गच्चीत वास सुटला होता. रंगाच्या उरलेल्या बादलीत ज्वारी ओतलेली. लाल पाण्यात दाणे फुगून फुटले होते आणि वर फेस आला होता.

"हे काय, वहिनी?"

"मग काय करू? माझ्या शोपीसमध्ये आणून टाकतात. घाणेरडेपणा नुसता!"

बादली मीच खाली नेऊन रिकामी केली.

पुढच्या मंगळवारी काकू एका म्हातारीला घेऊन आल्या. काकूंच्या माहेरच्या गावची. कपाळभर कुंकू, गळ्यात कवड्यांची माळ, अंगावर मांस नाही. तीन जिने चढून ती धापत होती. दारातूनच तिनं भिंतीकडं पाहिलं आणि बोट केलं.

"ती माजी हाय. तांब्याची तार बगा. म्याच इणली."

"कसली तुमची?" वहिनी उठल्या.

"लेकीच्या बाळतपणाला गेले व्हते. सुनंनं घर आवरलं आन् सगळं पोत्यात घालून दिलं. चार म्हैने हुडकतीया."

काकूंनी पुढं सांगितलं. म्हातारीचा वसा असा होता, की मंगळवारी आणि शुक्रवारी तिच्या परडीत जे पडेल तेच तिनं खायचं, दुसरं नाही. परडी गेल्यापासून आठवड्यातले दोन दिवस ती पाण्यावर राहत होती. गावानं समजावलं, नवी घे म्हणून. ती म्हणायची, गेली ती आईनं दिलेली हाय, दुसरी कुठून आणू.

"असं कुणीही येऊन सांगेल," वहिनी म्हणाल्या. "मी रीतसर विकत घेतलीय. आणि ही परडी नाहीच. बाई, तुमच्या वहीत काय लिहिलंय? दाखवा यांना."

काकू माझ्याकडं बघायला लागल्या. म्हातारीही. मी स्टुलाजवळ उभी, तोंडात टाचण्या. वही टेबलावर होती, त्या कापलेल्या चौकटीच्या टेबलावर. वहिनींनी स्वतःच उघडून बोट फिरवलं आणि मोठ्यानं वाचलं.

"टोपली, वेताची, एक. बघा! या बाई पक्क्या व्यवहारी आहेत, यांची नोंद चुकत नाही."

म्हातारीला वाचता येत नव्हतं. ती कागदाकडं बघून गप्प झाली. लिहिलेलं आहे म्हटल्यावर आमच्याकडची माणसं अशीच गप्प होतात. ती वळायला लागली.

मी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "मी खोटं लिहिलंय. ती परडीच आहे. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"म्हणजे? तुम्ही मला फसवलंत?"

"होय."

"काय बाई आहात! साहेबांच्या संघाच्या गेस्टहाउसचं काम तुम्हाला द्या म्हणून मी शब्द टाकला होता!"

"तो मागं घ्या," मी म्हणाले आणि स्टुलावर चढून परडी काढली. लाल भिंतीवर खिळा उरला. वहिनी म्हणाल्या, भिंत किती उघडी दिसतेय. देवाची शपथ मी घेत नाही, पण अगदी याच शब्दांत म्हणाल्या.

आम्ही बाहेर आलो आणि दार आपटलं गेलं. काकू पाणी आणायला खाली पळाल्या. म्हातारी जिन्याच्या पायरीवर बसली. परडी तिनं मांडीवर घेतली, तारेवरून बोट फिरवलं, मग आतून हात फिरवला. गुळगुळीत. तिनं ती नाकाशी नेली.

"हिची हळद कुठं गेली?"

"मी धुतली."

तिनं परडी माझ्यापुढं केली. "मंगळवार हाय. जोगवा वाढ, माय."

"आजी, आम्ही हे मानत नाही. आम्ही बौद्ध."

"तू मानू नगंस. भाकर हाय न्हवं पिशवीत? वास येतुया."

होती. दोन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, माझं दुपारचं जेवण. मी फडकं सोडलं आणि भाकरी परडीत ठेवली. तिनं कुठल्याही देवीचं नाव घेतलं नाही, निदान माझ्या कानावर पडेल असं नाही. तुकडा मोडून तोंडात घातला, दोनदा चावला आणि तोंड वाकडं करून पदरात थुंकला. उन्हानं तापलेल्या जिन्यात व्हार्निशचा उग्र दर्प सुटला होता आणि भाकरीनं तो ओढून घेतला होता. तिनं दुसरा तुकडा मोडला, पदरानं पुसला आणि खाल्ला. मग तिसरा. पुसायची आणि खायची.

"आजी, फडक्यावर घेऊन खा ना."

"फडक्यात पडलेलं मला चालत न्हाय."

अर्धी भाकरी संपल्यावर ती थांबली. "ह्यो वास जाईल का गं?"

उन्हात ठेवा, हळद लावा, असं काहीतरी तोंडावर आलं होतं. "नाही जाणार," मी म्हणाले. "वेतात मुरतो तो."

"लावतानी तुझ्या नाकाला आला न्हाई?"

"आला होता, आजी."

तिनं मान हलवली आणि पुढचा तुकडा पुसायला घेतला.