‘बेअर’ म्हणजे वाहणे

मी उघडलेल्या शब्दकोशावर सरांनी गंगाजल शिंपडलं. माझ्यादेखत. आठ मुलं बघत होती.

नववीत होते मी. सर दुर्गाघाटाच्या गल्लीत राहायचे. घराणं पेशव्यांच्या काळापासून काशीत. इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. रविवारी सकाळी मराठी घरांतल्या मुलांना ते घरी बोलावून शिकवायचे. आईला हे कुणीतरी सांगितलं आणि ती हरखून गेली. माझे आजोबा भुसावळहून रेल्वेच्या बदलीवर इकडे आले होते. बाबांना पक्की नोकरी मिळाली नाही, ते ठेकेदाराकडे लागले. आमच्या वस्तीत मराठी बोलणारे आम्ही तिघंच. आईने माझी वेणी घट्ट घातली. म्हणाली, "आपल्या बोलीत बोलतात गं ते. आपलेच लोक आहेत."

माझा तो तिसरा की चौथा रविवार. सरांनी फळ्यावर एक शब्द लिहिला. बेअर.

"अर्थ?"

एक मुलगा म्हणाला, "अस्वल." सगळे हसले. सरही हसले. म्हणाले, तो शब्द निराळा, त्याचं मूळ निराळं. मला क्रियापद हवंय.

कुणाला येईना. मी हात वर केला. "वाहणे. आणि सोसणे."

सरांचा चेहरा उजळला. "शाबास! जा, कपाटातून मोठा कोश काढ. तूच उघड."

तसं पुस्तक मी कधी हातात धरलं नव्हतं. त्यात नुसते अर्थ नव्हते. शब्द कुठून आला, कुणाच्या तोंडातून कुणाच्या तोंडात गेला, ते सगळं होतं. मी पान काढलं. ओळीवर बोट ठेवलं. सर मागे उभे राहून सांगत होते. इंग्रजांचं बेअर आणि आपल्या संस्कृतातला भृ हा धातू, दोन्ही एकाच मुळाचे. भार त्यातूनच आला. भरणपोषण, भर्ता, सगळं त्यातलंच. "म्हणजे हा शब्द परका नाही," सर म्हणाले. "नात्यातला आहे." आणि मग अगदी मायेने विचारलं, "तुझे वडील काय करतात गं?"

"रेल्वेच्या पटरीवर काम करतात."

"म्हणजे काय काम?"

मी खरं सांगितलं. त्या शब्दाची मला नशा चढली होती. "गाडीखाली आलेली माणसं उचलतात. वाहून नेतात." मला वाटलं, सरांना आवडेल. फळ्यावर तोच तर शब्द होता.

कुणी हसलं नाही. सर दोन पावलं मागे सरकले.

"मग तुला हे क्रियापद शिकवायची गरज नाही," ते म्हणाले. "तुमच्यात ते पिढ्यान् पिढ्या चालत आलंय." आणि आत बघून हाक मारली, "मृणाल, गंगेची लोटी आण."

मृणाल त्यांची पुतणी. माझ्याच शाळेत, माझ्याच वर्गात. तिने लोटी आणली. सरांनी तळहातावर पाणी घेतलं आणि उघड्या पानावर शिंपडलं. कागद तिथल्या तिथे फुगला. मग मला म्हणाले, "तू दाराशी बस. तिथूनही ऐकू येतं."

मी बसले.

हे सांगताना आजही माझी मान खाली जाते. मी उठून गेले नाही. चपलांच्या शेजारी बसून ऐकत राहिले. पुढच्या रविवारीही गेले. त्याच्या पुढच्याही. मला शब्द हवे होते आणि ते त्या घरात होते. आई विचारायची, "मास्तर चांगलं शिकवतात ना?" मी म्हणायची, "हो."

एकदा शाळेत मधल्या सुट्टीत मृणाल माझ्याकडे आली. वहीचा कागद माझ्या हातात कोंबला. तिने कोशातलं ते पान उतरवून आणलं होतं. बारीक, सुंदर अक्षरात. कोशात पाण्याने फुगलेल्या जागेपाशी पानं चिकटून दोन शब्द गेले होते. तिथे तिने रिकामी जागा सोडली होती. "काकांना सांगू नकोस हं," ती म्हणाली. मी मान हलवली. आमचं बोलणं झालं ते एवढंच.

मग हिवाळा आला. इथला कोहरा, हे दाट धुकं, ज्याने पाहिला नाही त्याला सांगून कळत नाही. आपला हात आपल्याला दिसत नाही. शाळेला जाताना पटरी ओलांडली की अर्धा रस्ता वाचतो. सगळ्याच मुली ओलांडायच्या, अंगात शाळेचा तो कत्थई, तपकिरी स्वेटर घालून. मीही.

त्या दिवशी मला ताप होता. मी घरी होते.

बाबांना सकाळी सकाळी बोलावणं आलं. नेहमीसारखे गेले. गमछा खांद्यावर टाकून, रिकाम्या हातांनी. हातमोजे त्यांना कधीच मिळाले नाहीत. दुपारी परत आले आणि हात न धुताच आत आले. असं कधी झालं नव्हतं. आधी बाहेरच्या नळावर अर्धा तास धुवायचे, मग उंबरा ओलांडायचे. ते सरळ माझ्यापाशी आले. माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. बघत राहिले. हातांना लोखंडाचा वास होता.

"तुझाच स्वेटर होता," ते म्हणाले. "कत्थई. मी तिला पालथी पाहिली. सरळ करेपर्यंत..."

मग उठून बाहेरच्या नळावर गेले.

ती मृणाल होती.

बाकीचं संध्याकाळी त्यांनी आईला सांगितलं. मी पांघरुणात डोळे मिटून ऐकत होते. पंचनामा झाला. घरचे आले. सर होते, आणखी तीनचार पुरुष होते. सगळे दहा पावलांवर उभे. प्रेत न्यायची गाडी रस्त्यावर होती, तिथवर तिला कुणीतरी न्यायला हवं होतं. कुणी पुढे झालं नाही. बाबांनी तिला आपल्या गमछ्यात गुंडाळलं आणि दोन्ही हातांवर घेऊन गेले. दगडांवरून, एकटे. गाडीत ठेवलं.

"मास्तरांनी लोटी काढली," बाबा म्हणाले. "मला वाटलं, माझ्या हातांवर पाणी घालतात. मी ओंजळ पुढं केली. त्यांनी ते तिच्यावर शिंपडलं."

आई म्हणाली, "मेलेल्या माणसावर गंगाजल घालतातच की."

"घालतात," बाबा म्हणाले. "पण आधी म्हणाले ना, ह्याचा हात लागलाय."

त्या दिवसापासून बाबा चमच्याने जेवू लागले. भाकरीसुद्धा. जाईपर्यंत आठ वर्षं. मी कधी कारण विचारलं नाही. कोहरा पडला की ते मला पटरीपलीकडे सोडायला यायचे. पुढे मी कॉलेजला गेले तरी यायचे. आजही हिवाळ्यात सकाळी घराबाहेर पडले की मला समोरून कत्थई स्वेटर येताना दिसतो. मी थांबते. येतं कुणीच नाही.

मृणालचे दिवस होऊन गेल्यावर सरांनी निरोप पाठवला. मुलीला पाठवा. आई म्हणाली, "जा बाई. त्यांच्या घरावर डोंगर कोसळलाय."

मी गेले. सर खचले होते. दाढी वाढलेली. ओट्यावर उभे होते, मी गल्लीत. "तुझ्या वडिलांचे उपकार झाले," ते म्हणाले. मग आत गेले, तो मोठा कोश घेऊन आले आणि खाली वाकून पायरीवर ठेवला. मागे झाले. "तू घे. हा आता आमच्या उपयोगाचा नाही."

मला तो हवा होता. किती हवा होता ते कसं सांगू? आमच्या घरी एकही इंग्रजी पुस्तक नव्हतं. हात पुढे गेलाच होता. तेवढ्यात बाबांची ओंजळ डोळ्यांपुढे आली. पुढे केलेली, रिकामी.

मी हात मागे घेतला.

"हातात द्या, सर."

त्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून मी पुन्हा म्हणाले, "हातात द्या."

सर कोशाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. त्यांचे हात हलले, खरंच हलले. पण ते खाली वाकले नाहीत.

मी वळले. गल्ली संपेपर्यंत मागे पाहिलं नाही. त्या घरी पुन्हा गेले नाही.

इंग्रजी मी दुसरीकडे शिकले. वाचनालयात बसून, उभी राहून, पुस्तकं मागून. एम. ए. करताना असाच एक कोश मेजावर सापडला आणि ते क्रियापद मी पुन्हा काढलं. त्याचा जन्म देणे हाही अर्थ आहे. सरांनी तो सांगितला नव्हता. इंग्रजीतला जन्म, बर्थ, त्याच मुळाचा. ओझं, बर्डन, तेही त्याच मुळाचं. आणि तिरडीला इंग्रजीत जो बिअर शब्द आहे, तोही. मी ते पान मिटलं. बाबांनी परक्याच्या लेकीला जसं दोन्ही हातांवर नेलं, तसं तर नुकत्याच जन्मलेल्या बाळाला नेतात.

आता मी एका शाळेत इंग्रजी शिकवते. बाबा नाहीत. त्यांच्या जागी शेजारचे रामआसरे काका जातात. तीच पटरी. ठेकेदार बदलला. हातमोजे अजून नाहीत, अंगावर घालायला काही नाही, वाहून न्यायला स्ट्रेचर नाही. गेल्या महिन्यात काका बरगडीचा तुकडा लागून तळहात चिरून आले. तशाच हाताने दुसऱ्या दिवशी गेले.

मी इंग्रजीत अर्ज लिहिला. दोन पानी. काकांना घेऊन ठेकेदाराच्या ऑफिसात गेले. मॅनेजर तरुण होता, नीटनेटका. काका दाराशीच थांबले. मी म्हटलं, "अंदर आइए, काका. बैठिए." ते खुर्चीच्या कडेला टेकले.

मॅनेजरने अर्ज चाळला. माझ्या इंग्रजीकडे बघून जरा चपापला. मग हसून म्हणाला, "वी विल बेअर इट इन माइंड, मॅडम." आणि कागद ट्रेमध्ये टाकला.

मी तो बाहेर काढला. त्याच्यापुढे ठेवला.

"मनात नको. कागदावर लिहून द्या," मी हिंदीत म्हणाले. "तारीख घालून, सही करून. आणि स्ट्रेचर येईपर्यंत हे पटरीवर जाणार नाहीत. बाकीचे पाच कामगारही जाणार नाहीत."

"मग बॉडी कोण उचलणार?"

"तुम्ही," मी म्हटलं.

त्याने पेन उचललं नाही. मी खुर्ची पुढे ओढली आणि बसून राहिले.