बॉम्बरच्या नाकातलं वजन

काल गॅरेजमध्ये थिनरचा वास आला आणि मी थेट पंचवीस वर्षं मागे, इंदिरानगरच्या जोशीकाकांच्या जेवणाच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो.

काका हवाई दलातले निवृत्त मेकॅनिक. मुलीने परदेशातून त्यांना महायुद्धातल्या बॉम्बरचं हातभर लांब मॉडेल जोडायचा किट पाठवला होता. त्यात प्लास्टिक, रेझिन, पितळी पत्रे, धातूची चाकं, सगळंच होतं. मी तेव्हा पस्तिशीतला, चार मॉडेलं जोडून तज्ज्ञ झालेला. "तू तपासून दे रे, मगच हात लावतो," काका म्हणाले. मी तासभर भिंगातून पाहिलं आणि शिशाचा एक गोळा "हे नुसतं पॅकिंग" म्हणून ऐटीत कचऱ्यात टाकला.

तो गोळा नाकात बसवला नाही तर विमान शेपटीवर बसतं, हे मला चार महिन्यांनी कळलं. तोवर काकांनी नाक चिकटवून रंगवलंही होतं.

"अगं, ये लवकर!" त्यांनी काकूंना हाक मारली आणि विमान चाकांवर ठेवलं. काकांनी हात काढले. नाक वर गेलं, शेपटी टक्कन टेबलावर आपटली.

"हे तर बूड टेकून बसलं! ताट वाढू का?" काकू म्हणाल्या.

काकांनी सुट्या भागांची यादी उघडली. त्यांचं बोट एका चित्रावर थांबलं. मग कागदाची घडी करून त्यांनी खिशात टाकली.

"कंपनीने वजनच दिलं नाही बघ. शेपटीला टेकू देऊ."

"हो ना, हल्ली असंच करतात," मी निर्लज्जपणे म्हणालो.

तेव्हा वाटलं, सुटलो. ते बोट कुठल्या चित्रावर थांबलं होतं, हे कळायला मला काकांच्या वयाचं व्हावं लागलं.