डाव्या बाजूची सीट

माझ्या गाडीच्या काचेवर ज्याने नोटीस चिकटवली, त्याला सेक्रेटरी मीच केलं होतं. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी बऱ्याच लोकांवर चिडणार आहे, तेव्हा यादीत पहिलं नाव कुणाचं हे वाचणाऱ्याला कळलेलं बरं.

हैदराबादेतल्या नारायणगुड्याच्या आमच्या अपार्टमेंटच्या तळघरात, खांबाला खेटून, वडिलांची, म्हणजे नानांची, पांढरी गाडी उभी असते. पांढरी म्हणायची आपली पद्धत. वडील जाऊन सहा वर्षं झाली, कागदपत्रं माझ्या नावावर झाली, आणि गाडी शनिवारची शनिवार बाहेर निघायची. आईला कोठी भागातल्या मराठी ग्रंथालयात नेण्यापुरती. एरवी माझ्याकडे नवी, उंच, दोन वर्षांची गाडी आहे. नोटिशीवर लिहिलं होतं : बेकार वाहन, पंधरा दिवसांत हलवावे. खळ इतकी लावली होती की कागद नखाने खरवडला तेव्हा ‘बेकार’ तेवढं काचेवर राहिलं.

मी तरातरा तिसऱ्या मजल्यावर गेलो. सेक्रेटरी शांतपणे म्हणाला, “रूल तो रूल है, सार. मीटिंग में आप भी हात उठाए ना.”

उठवला होता. ठराव शेजाऱ्याच्या मोडक्या स्कूटरबद्दल आहे अशा समजुतीने मी हात वर केला होता, तोही सगळ्यांच्या आधी. कागद वाचला नव्हता. चष्मा वर घरात राहिला होता.

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातून झाला. तीस वर्षं मी एका कारखान्यात यंत्रं कंडेम करायचं काम केलं. म्हणजे जुनं यंत्र दुरुस्त करायचं, सुटे भाग काढून घ्यायचे की भंगारात घालायचं, हे ठरवणाऱ्या समितीचा मी सचिव. त्यासाठी एक फॉर्म असे. त्यात सातवा रकाना होता : ‘वापरणाऱ्या विभागाचा अभिप्राय व सही’. तो कोरा दिसला की मी फाईल परत पाठवत असे. मोठमोठ्या साहेबांच्या फायलीही परत पाठवल्या. नव्या इंजिनिअरांना उभं करून सुनावत असे, की ज्याच्या हाताखाली यंत्र चालतं त्याला विचारल्याशिवाय यंत्र मारायचं नाही. निरोपसमारंभात माझ्या या कडक शिस्तीवर तीन भाषणं झाली आणि कारखान्याने मला एक फिरती, मागे रेलणारी खुर्ची भेट दिली. तिच्यात बसून मी गाडीचा निकाल लावायला घेतला.

आधी रीतीप्रमाणे तज्ज्ञाचं मत. गौलीगुड्याचा आमचा मेकॅनिक वडिलांच्या वेळचा. त्याला घरात सगळे उस्ताद म्हणतात. तो तळघरात आला, गाडीखाली शिरला, टॉर्च मारला आणि पाठ झाडत बाहेर आला.

“इंजन एकदम अच्छा है साब. खाली का पत्रा सड़ गया. नया पत्रा मारेंगे, ब्रेक देखेंगे, पासिंग हो जाती.”

“और भंगार में दिये तो?”

“कायकू देते? अम्मा की गाड़ी है.” मग जाता जाता म्हणाला, “देना है तो देव. वो लेफ्ट की सीट कू हात नक्को लगाओ, बस.”

मला वाटलं, सीटवर याचा डोळा आहे. दुरुस्तीचं काम मिळत नाही तर निदान सीट तरी लाटावी, असा याचा बेत. तीस वर्षं कंत्राटदार बघितलेला माणूस मी, मला कोण फसवणार? त्याच दिवशी ठरवलं, की सगळ्यात आधी सीटच विकायची.

मग मी फॉर्म भरला. हो, घरच्या गाडीसाठी, कॉम्प्युटरवर, रकाने आखून. अख्खी गाडी भंगारकेंद्राला दिली तर लोखंडाच्या वजनाचा भाव. दुरुस्त केली तर पत्रा, ब्रेक, नोंदणीचं नूतनीकरण, आणि वर सेक्रेटरीचं तोंड. सुटे भाग विकून उरलेला सांगाडा भंगारात, हा तिसरा मार्ग मला सगळ्यात शास्त्रीय वाटला. सातव्या रकान्यात लिहिलं : ‘वापरकर्ता – स्वतः. हरकत नाही.’ खाली सही ठोकली.

बायकोने खांद्यावरून वाचलं. “अहो, आईंना विचारलंत?”

“विचारलं की रडेल ती. नानांची गाडी म्हणून. आधी मोकळं करू, मग सांगू.”

“मग सांगाल तेव्हा मला हाक मारू नका,” असं म्हणून ती आत गेली.

जुन्या सामानाची जाहिरात फोनवर टाकली आणि दुसऱ्या दिवशी गौलीगुड्याचा एक झेरॉक्सवाला आला. त्याला गाडीशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला बसायला खुर्ची हवी होती. चार बोल्ट काढून सीट बाहेर घेतली तर ती तळघराच्या फरशीवर स्वतःच्या पायांवर उभी राहिली. खाली लोखंडी अँगलची भक्कम चौकट, वर लाकडी फळी, आणि दाराकडची गादीची कड तिरकी कापून शिवलेली. झेरॉक्सवाला बसला, उठला, पुन्हा बसला. “माशाल्ला,” म्हणाला, आणि सीट ऑटोत घालून घेऊन गेला. मोटारीच्या सीटला असे पाय का असावेत, हा प्रश्न यंत्रांत आयुष्य घालवलेल्या माणसाला पडायला हवा होता. मला पडला नाही. सौदा पटकन झाला याच आनंदात मी होतो.

शनिवारी चार वाजता आई पुस्तकांची पिशवी घेऊन लिफ्टने खाली आली. तिचं वय ब्याऐंशी, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, पण शनिवार चुकत नाही. मी नव्या गाडीशी चावी फिरवत उभा होतो. ती माझ्याकडे न बघता सरळ खांबाकडे गेली, जुन्या गाडीचं डावं दार उघडलं आणि तशीच उभी राहिली. दाराच्या वरच्या बाजूला वडिलांनी बसवून घेतलेली जुन्या सिटी बसची एक दांडी आहे. तिने सवयीने तिला हात घातला होता. खाली मोकळा पत्रा.

“सीट कुठंय?”

“विकली. आई, आता आपण नव्या गाडीतून—”

“कुणाला विचारून?”

मी तिला नव्या गाडीशी नेलं. तिने एक पाय वर टाकला, तो पोचला नाही. मी काखेत हात घातला, तर ती ओरडली. मी स्टूल आणलं; स्टुलावर चढली आणि तिथून आत वळता येईना. तळघरात दोन बिऱ्हाडं बघत उभी राहिली. शेवटी तिने हात झटकला. टॅक्सी मागवली, तर तिची सीट इतकी खाली, की आई बसली असती, पण कोठीला पोचल्यावर उठली नसती.

“राहू दे,” ती म्हणाली. “तू बदलून आण पुस्तकं.”

मी गेलो आणि दोन पुस्तकं आणली. एक तिने तीनदा वाचलेलं निघालं आणि दुसरं मुलांसाठी भूगोल. पुढच्या शनिवारी ती खाली उतरलीच नाही. त्याच्या पुढच्याही. खिडकीशी बसून वर्तमानपत्र चाळायची आणि माझी चाहूल लागली की पान उलटायची. जाहिरातींचंही पान. मी वैतागलो. इतका कसला जीव त्या डबड्यावर? एक दिवस मी बोललोच, “आई, मला कळतं. नानांची आठवण आहे. पण वस्तू किती दिवस धरून ठेवायच्या?”

तिने वर्तमानपत्र खाली ठेवलं. “हौल्या,” म्हणाली. हैदराबादेत मूर्खाला हौला म्हणतात; आईने त्याचा मराठी संसार थाटून दिला आहे. “गाडी गेली खड्ड्यात. मला सीट हवी.”

मग ती बोलत राहिली आणि मी ऐकत. माझं प्रमोशन चालू होतं त्या वर्षी तिचे गुडघे गेले. वडिलांनी तिला गौलीगुड्याला उस्तादच्या शेडमध्ये नेलं. उस्तादने विटा रचल्या, तिला त्यांच्यावर बसवलं, उठवलं, एक वीट काढली, पुन्हा बसवलं. सकाळपासून दुपारपर्यंत. आधार न घेता ती ज्या उंचीवरून उठली, ती उंची त्याने खडूने भिंतीवर मारून घेतली आणि तेवढी सीट केली. “तुझ्या गाडीत मला उचलून घालावं लागतं. मी काय गॅसची टाकी आहे? सहा वर्षं शेजारी बसवून नेलंस मला. एवढं दिसलं नाही?”

“तू सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलं का नाहीस?”

स्वयंपाकघरात भांडं वाजलं. बायको हसली असावी. चौकशी केली नाही.

तसाच नवी गाडी काढून गौलीगुड्याला गेलो. आधी उस्तादकडे. भिंतीवरची खडूची रेघ ग्रीसने काळी झाली होती, पण होती. “मैं बोला था ना आपकू,” एवढंच म्हणाला. अशी सीट नव्या गाडीत बसव म्हटलं, तर त्याने गाडीकडे खालून वर पाहिलं. “इसका फर्शच इत्ता ऊपर है. सीट कित्ती भी नीची करो, अम्मा चढ़ती कैसे? जमीन उठाऊँ क्या साब?”

तिथून झेरॉक्सच्या दुकानात. मालक आमच्या सीटवर बसून एका मुलीचे दाखले छापत होता.

“वापस नै देता साब. कमर का दर्द चला गया मेरा.”

“वो मेरी माँ की सीट है.”

“बेचे कायकू फिर? चोरी करके लाया क्या मैं?”

मी आवाज चढवला. त्याने मशीनचा आवाज चालू केला. त्याने दिलेले पैसे परत करतो म्हणालो, वर जास्तही देतो म्हणालो. तो म्हणाला, पैशावर बसता येत नाही. दाखले छापून घेणारी मुलगी माझ्याकडे अशा नजरेने बघत होती, की जणू आईला विकून मी परत मागायला आलोय. तिचं फारसं चुकत नव्हतं.

“बैठने कू कुछ दूसरा लाव, सोचता मैं,” तो अखेर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी माझी निरोपाची खुर्ची ऑटोत घातली. मागे पितळी पट्टी : ‘शिस्तप्रिय सेवेबद्दल कृतज्ञतापूर्वक’. झेरॉक्सवाल्याने एक गिरकी घेतली, मागे रेलला, पट्टीवर अंगठा फिरवून विचारलं, “ये क्या लिखा?”

“कुछ नै,” म्हटलं. “कंपनी का नाव.”

उस्तादने आठ दिवस गाडी शेडमध्ये ठेवली. पत्रा ठोकला, ब्रेक पाहिले, सीट बसवली, आणि आईला ऑटोने बोलावून, रेघेला माप लावून बघितलं. मला दोघांनी बाहेर उभं केलं होतं. गाडी तळघरात परतली, आणि दुसऱ्याच दिवशी काचेवर नवी नोटीस. पंधरा दिवस उलटून गेले होते.

आता मात्र माझं डोकं फिरलं. वर जाऊन सेक्रेटरीशी भांडायच्या तयारीने चपला घातल्या, आणि दारातून परत फिरलो. जुना फॉर्म काढला. सातवा रकाना खोडला, नवा छापला आणि आईपुढे ठेवला. “वापरणाऱ्याचा अभिप्राय लिही. सही कर.”

तिने आधी सगळा फॉर्म वाचला. मी ठरावाचा कागद वाचला नव्हता, ती एका पानाला वीस मिनिटं घेते. मग लिहिलं : ‘चालू स्थितीत. दर शनिवारी लागते. अर्जदारास यंत्राची माहिती नाही.’ आणि ठसठशीत सही.

“शेवटचं वाक्य कशाला?”

“अभिप्राय मागितलास ना?”

सगळा अभिप्राय खाली हिंदीतही लिहून मी कागद सेक्रेटरीच्या हातात दिला. त्याने वाचला, शेवटच्या ओळीवर थांबला, माझ्याकडे पाहिलं. “अम्मागारु की सही है तो ठीक है, सार,” म्हणाला. माझ्या सहीवर त्याने कधी एवढा विश्वास टाकलेला नाही. यादीतलं त्याचं नाव मी अजून खोडलेलं नाही.

शनिवारी चार वाजता आई खाली आली. दांडीला हात, पाठ वळवली, बसली, पाय आत. मी मदतीला पुढे झालो तर म्हणाली, “तू तुझ्या बाजूने बस.” कोठीच्या वळणावर, ऐन गर्दीत, गाडी बंद पडली. मागून ऑटोवाले बोंबलायला लागले, एक बसवाला तर माझ्या खानदानापर्यंत पोचला. मी चावी फिरवत होतो आणि दात खात उस्तादला, सेक्रेटरीला, गाडीला आणि स्वतःला एकाच दमात शिव्या घालत होतो.

आईने पिशवीतून भूगोलाचं पुस्तक काढलं, चष्मा लावला आणि सीटवर नीट मागे टेकून बसली.

“मुलांचं आहे, पण बरं लिहिलंय,” म्हणाली. “चोक ओढ आधी. नाना ओढायचे.”

ओढला. गाडी चालू झाली. मला चोकचं माहीत नव्हतं, हे फॉर्मवर आधीच नोंदलेलं होतं.